थूल सरांचं भेव

भीतीला आमच्याकडे भेव म्हणतात. सगळेच म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण थूल सर हा शब्द स्वयंपाकातल्या मिठासारखा वापरत. "याच्यात भेव कमी पडलं," असं आपल्याच प्रोग्रामकडे पाहून म्हणायचे आणि पुन्हा खुर्ची ओढून बसायचे. काम झालं का, असं विचारलं तर "झालं" हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. "सध्या तरी चालू राह्यलं," एवढंच. इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली, पण "झालं" ऐकायचं माझं राहूनच गेलं.

कारंजा घाडगेला हायवेच्या कडेला एका ट्रस्टचा लहानसा दवाखाना होता. ढाब्यांची रांग संपली की आमचं फाटक. ट्रकवाले, शेतकरी, बाळंतिणी, साप चावलेले, सगळे आमच्याकडे येत. मी नोंदणीच्या खिडकीत बसायची. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ट्रस्टला कॉम्प्युटरची हौस आली, आणि त्याच्यासाठी प्रोग्राम लिहायला थूल सर आले. पुण्यातली चांगली नोकरी सोडून हा माणूस कारंज्याला कशाला आला, असं सगळ्यांना वाटे. मी एकदा सरळ विचारलं.

"तिथी कोनीच भेत नोतं, वैशालीताई," ते म्हणाले. "मले करमे ना."

उंच, किडकिडीत, खांदे कायम वर चढलेले, जसं काही आत्ता कोणी मागून हाक मारणार आहे. सकाळी आले की आधी कॉम्प्युटरला कान लावत. आतली चकती कशी फिरते ते ऐकायचं असे. आमचे मोठे डॉक्टर, गावंडे साहेब, जाता जाता विचारत, "काय म्हनते पेशंट?"

"श्वास चालू हाय, सर. भरोसा नाई."

नोंदींच्या ते तीन प्रती काढत. एक टेबलाच्या खणात, एक त्यांच्या घरी, आणि एक नाचणगावला बायकोच्या भावाकडे. फ्लॉप्या पोळ्यांच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून नेत. एसटीत तो डबा मांडीवर घट्ट धरून बसलेले सर मी पाहिले आहेत. कंडक्टर म्हणायचा, जेवून घ्या ना मास्तर, किती वेळ धरून बसता. सगळं कारंजा जळलं तरी नाचणगावची प्रत राहील, असा त्यांचा हिशोब होता. "सगळं कारंजाच जळलं तर दवाखान्यात येईन कोन?" असं मी म्हटलं तर गंभीरपणे म्हणाले, "नाचनगावचे येतीन."

हसायची सोय होती ती एवढीच. बाकी त्यांच्या शेजारी बसलं की आपल्यालाही हळूहळू भीती वाटू लागे.

प्रोग्राम लिहायच्या आधी दुसरा कोणी असता तर तुम्हाला काय काय पाहिजे, असं विचारता. सरांनी दवाखान्यातल्या प्रत्येकाला विचारलं, "तुमाले कायचं भेव वाटते?" झाडूवाल्या बाईला सुयांचं वाटे. नर्सला चुकीच्या खाटेवरच्या माणसाला इंजेक्शन देण्याचं. मला एकाच नावाच्या दोन पेशंटचं. गावंडे साहेबांनी हसण्यावारी नेलं. मग जेवणाच्या सुट्टीत ते पुन्हा आले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "पेन्सिलिन. दर वेळेस. एखाद्याले ते चालत नाई, अन् आपल्याले ते माहीत नसते. टोचलं का दहा मिनिटं माहा जीव थाऱ्यावर नसते. कोनाले सांगू नका."

त्या एकेका भेवावर सरांनी प्रोग्राम उभा केला. "कोणतं औषध चालत नाही?" हे विचारल्याशिवाय तो मला पुढे जाऊच द्यायचा नाही. लोक वैतागत. तापाची गोळी घ्यायला आलेल्या माणसाला मी एवढ्या चौकशा करते म्हणून एकाने मला तहसीलदारीण म्हटलं होतं. पण ज्याला काही चालत नसे त्याचं नाव पडद्यावर लाल होई, आणि ते लाल नाव पाहिलं की आमच्या सगळ्यांच्या अंगावर शहारा येई.

मग तो नावांचा प्रकार झाला.

खिडकीत एक नवी नवरी उभी होती, हातात हिरवा चुडा. मी तिला ओळखलं. शाळकरी असताना यायची. "अवं, तू सुनंदा ना?"

"नाई, आता मी प्रिया."

मी नवी नोंद केली. प्रिया, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. शेजारी सरांचे हात थांबले. पोरगी गेल्यावर म्हणाले, "आडनाव बदललं, समजलं. नावबी बदललं?"

"लगन झालं ना, सर. माहंबी बदललं. माहेरी मी नलू. तांदळाच्या ताटात अंगठीनं वैशाली लिहिलं, झाली वैशाली. तुमच्या घरी नाई बदललं का?"

बदललं होतं. स्वतःच्या बायकोचं नाव सरांनी स्वतःच बदललं होतं, आणि तरीही हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी नोंदणीचे तीन खाने पाडले होते. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. ज्या पुस्तकातून ते शिकले ते पुस्तक परदेशातलं, तिथली बाई निदान आपलं नाव तरी सासरी घेऊन जात असावी. आमच्याकडे एका दिवसात तिन्ही खाने पुसले जातात. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मंग सुनंदाचं जे लाल होतं ते कोठी गेलं?"

सुनंदाचं लाल काही नव्हतं, मी तपासून सांगितलं. त्यांनी ऐकलंच नाही. "म्हनजे मांडवातून पोरगी निघते अन् आपल्याकडून मरते," ते म्हणाले. मी म्हटलं, शुभ बोला.

मी आपलं सुचवलं, जुन्या नावाचा एक चौथा खाना पाडा. त्यावर ते आठवडाभर विचार करत राहिले. दुसरं लग्न झालं तर? दत्तक गेली तर? सासू तिसऱ्याच नावानं हाक मारत असली तर? "किती खाने पाडू, ताई? खाना पाडला का मानूस त्याच्यात कोंबावा लागते. नाई मावला तं आपन त्याचेच हातपाय कापतो."

तिथून त्यांचं गाठोडं सुरू झालं. पुढे मोठ्या जगात याला काय काय नावं पडली ते मला माहीत नाही, आमच्याकडे ते गाठोडंच होतं. सर सांगायचे, सगळीकडचा डेटाबेस म्हणजे किराणा दुकान. तूर तुरीच्या खान्यात, हरभरा हरभऱ्याच्या. सगळ्या माणसांची नावं एकीकडे, सगळ्यांची औषधं दुसरीकडे. एक माणूस पाहायचा तर दहा खाने उघडून तो जुळवावा लागतो. त्यापेक्षा एका माणसाचं जे जे असेल ते एका फडक्यात बांधा. कोणाला चार नावं आहेत, चारही बांधा. कोणाच्या पायावर डाग आहे, डागही बांधा. नसेल तर त्याची रिकामी जागा ठेवायला नको.

माझ्या सासरी किराण्याचंच दुकान. मी म्हटलं, "पन सर, तूर किती उरली हे खान्यातूनच समजते. शंभर गाठोडी सोडून कोन मोजत बसन?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मानलं. "बरोबर हाय. हिशोबाले खाने, मानसाले गाठोडं." ही गोष्ट ते नागपूरच्या कॉम्प्युटरवाल्यांना सांगायला गेले, तर ते म्हणे हसले. तीस वर्षांपूर्वीचं मागासलेलं काही तरी करून राह्यले म्हणाले. सर परत येऊन मला म्हणाले, "हसले त्याचं काही नाई. पन त्यातल्या एकालेबी भेव नाई वाटलं."

दोन हजार सालानंतर ट्रस्टच्या एका विश्वस्तानं नागपूरच्या कोणत्या तरी कंपनीचं तयार पॅकेज आणलं. रंगीत पडदा, वर दवाखान्याचं चित्र. टाय घातलेला एक पोरगा ते दाखवायला आला होता. सरांनी विचारलं, "याचं पोट उघडून दाखवता का?"

"सर, तो कंपनीचा सिक्रेट असतो."

"मंग आतमंदी चुकलं तं आमाले कसं समजन?"

"चुकणारच नाही, सर."

हे वाक्य ऐकून सरांचा चेहरा पडला. मशीनच्या मागे अंगठ्याएवढी एक किल्ली खोचलेली होती, ती असली तरच पॅकेज उघडे. त्यात जातीचा खाना होता, आणि तो भरल्याशिवाय पुढे जाताच येत नसे. दुसऱ्या नावाला जागा नव्हती. आडनाव सांगताना आधीच आवाज खाली आणणाऱ्या माणसांना मी खिडकीतून सगळ्यांदेखत जात विचारायची. लाज वाटायची मला. सर म्हणाले, "जे नाई पाह्यजे ते काढता येत नाई, जे पाह्यजे ते टाकता येत नाई. दवाखाना आपला, अन् मर्जी त्या पोट्ट्याची."

जुनं मशीन त्यांनी फेकू दिलं नाही. जिन्याखाली, ऑक्सिजनच्या नळकांड्यांशेजारी ते ठेवलं आणि एका मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून त्याच्यात लिनक्स हा मशीन चालवणारा फुकटचा प्रोग्राम टाकला. मला वाटलं, फुकट मिळालं म्हणून टाकलं असेल. तसं म्हटल्यावर सर चिडले. त्यांना चिडलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"फुकटच्याले तं मी जास्तच भेतो. हे उघडं हाय म्हनून घेतलं. कोनाच्याही घरी जेवा, पन ज्या घरी चूल पाहू देत नाई तिथी बिमार मानसाले जेवू घालू नये."

"अन् उघडं असलं म्हनजे कोनी पाह्यलंच असन कायवरून?"

"नाईच पाह्यत कोनी," ते एकदम मवाळ झाले. "पाहता येते, एवढंच. तेवढ्यावर झोप लागते मले."

दिवसभर पॅकेजवर काम, आणि जेवणाच्या सुट्टीत जिन्याखाली बसून गाठोडी. सगळ्यांची बांधणं शक्य नव्हतं. म्हणून फक्त लाल नावाची माणसं, जुन्या केसपेपरवरून, एकेक. त्यांना ते भेवाची माणसं म्हणत. उठताना त्या मशीनची पिन उपटून ठेवत, विजेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

एका दुपारी ढाब्यापाशी ट्रक विजेच्या खांबाला धडकला. आमचे दिवे एकदम पांढरेफटक झाले आणि गेले. जनरेटर लावला, पॅकेजचं मशीन कसंबसं सुरू झालं, आणि पडद्यावर आलं की किल्ली सापडत नाही. किल्ली मागेच होती. जळली होती. सगळ्या नोंदी आत आणि आम्ही बाहेर. कंपनीला फोन लावला तर नवी किल्ली कुरिअरनं पाठवतो म्हणाले, चार-पाच दिवस लागतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका सासूनं सुनेला आणलं. नुकतीच बाळंत झालेली, ताप इतका की अंगाला हात लाववेना, शुद्ध नाही. नाव रेखा. गावंडे साहेबांनी पाहिलं आणि पेन्सिलिन काढायला सांगितलं, आधी चाचणीचा थेंब. खाट आत गेली. सासू माझ्या खिडकीत, आणि माझ्या मागे सर येऊन उभे राहिले.

"याआधी आली होती का हे इथी?" सरांनी विचारलं.

"नाई."

"लग्नाआधीचं नाव?"

"रेखाच. दुसरं कायचं नाव?" म्हातारी तुटकपणे म्हणाली.

सरांनी पुढे नाव विचारलंच नाही. "माहेर कोनतं?"

"सावळी."

"बापाचं नाव?"

"गुलाब."

ते जिन्याखाली गेले. मीही गेले, का ते माहीत नाही. घाईत गुलाब हा शब्द त्यांच्याकडून दोनदा चुकला. मग पडद्यावर एक गाठोडं सुटलं. मंदा, सावळी, बाप गुलाब. पेन्सिलिनच्या चाचणीच्या थेंबानंच श्वास अडकला होता, थोडक्यात वाचली. डाव्या पोटरीवर भाजल्याचा डाग.

"मंदा कोन हाय?" सरांनी तिथूनच ओरडून विचारलं.

म्हातारीनं तोंडावर पदर धरला. "आमच्यात जुनं नाव घेत नाई. नवऱ्याच्या जीवाले लागते."

थूल सर पळाले. तो माणूस पळू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मी मागे. आत नर्सनं पोरीच्या हातावर स्पिरिटचा बोळा फिरवला होता, सुई दुसऱ्या हातात होती. सरांना धाप लागली होती. त्यांनी नर्सचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं पायाकडे दाखवत राहिले. गावंडे साहेब ओरडले, थूल, वेडा झाला का? मी लुगड्याचा काठ वर केला. डाव्या पोटरीवर डाग होता, तळव्याएवढा.

गावंडे साहेब स्टुलावर बसले. मग त्यांनी दुसरं औषध लिहिलं. पोरगी वाचली, बाळाला घेऊन चालत घरी गेली.

पेढे वाटले तेव्हा सर कुठे दिसेनात. जिन्याखाली नळकांड्यांना टेकून बसले होते, मांडीवर जुन्या केसपेपरांचा गठ्ठा घेऊन. मी म्हटलं, "वाचली ना, सर."

"हे वाचली. हिचं गाठोडं मी मागच्या महिन्यातच बांधलं, ताई. मागच्या महिन्यात मी बिमार पडलो असतो तं?" आणि थोड्या वेळानं, "ज्यांचं अजून बांधलं नाई ते कोठी कोठी असतीन?"

त्यानंतर सर लग्नांना जाऊ लागले. आमंत्रण असो नसो. भेवाच्या माणसांपैकी कोणा पोरीचं लग्न असलं की मांडवात मागे उभे राहत, ताटात कोणतं नाव लिहिलं ते ऐकत, आणि ते गाठोड्यात टाकायला दवाखान्यात परत. पहिल्यांदा लोक हसले. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की थूल सर मांडवात दिसले म्हणजे पोरीत काही तरी खोट आहे. एका गावात सोयरीक मोडायची वेळ आली. मुलीच्या काकानं सरांना कॉलर धरून बाहेर काढलं. सदऱ्याची दोन बटणं तुटली होती.

मी म्हटलं, "तुमीच तं म्हनता सगळं उघडं पाह्यजे."

"प्रोग्राम उघडा पाह्यजे, ताई. गाठोडं बांधलेलंच पाह्यजे. त्या पोरीचं हाय ते, माहं नाई." पण तेव्हापासून ते मांडवाच्या बाहेर, चपलांपाशी उभे राहू लागले.

दशक संपता संपता एक दिवस सायबर कॅफेतून आले आणि म्हणाले, बाहेरच्या देशांत लोकांनी खाने सोडायला सुरुवात केली आहे, गाठोडी बांधून राह्यले, अन् तेही सगळं उघडं. मला आनंद झाला. म्हटलं, आता नागपूरवाल्यांना बोलवा. सर मात्र उदास. "आता सगळेच खाने फेकून देतीन. खाना निदान विचारते तरी का हे काऊन भरलं नाई. गाठोडं काहीच विचारत नाई. कोनी काहीबी बांधन, अन् जे बांधायचं तेच राहून जाईन." हव्या असलेल्या गोष्टीचीही या माणसाला भीतीच वाटे.

पुढे ट्रस्टनं दवाखाना दुसऱ्या संस्थेला दिला. त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर होतं. जिन्याखालचं मशीन भंगारात गेलं. सरांना नमस्कार करून घरी पाठवलं, मलाही. नाचणगावच्या प्रती उघडतील असं यंत्र आता त्यांच्याकडे नव्हतं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझ्या भाचीचं लग्न होतं. चारूला लहानपणापासून सल्फाचं औषध चालत नाही. एकदा घेतलं तेव्हा अंगभर फोड आले, डोळे जातात की राहतात असं झालं होतं. माझ्या भावानं हे सासरच्यांना सांगितलं नव्हतं. मी भांडले त्याच्याशी. "सोयरीक मोडली तं तू पाहशीन का?" म्हणाला. पोरगी गप्प होती. मला आठ दिवस अन्न गोड लागलं नाही.

मांडव हायवेला लागूनच होता. अक्षता झाल्या, लक्ष्मीपूजनाला तांदळाचं ताट आलं, आणि चपलांच्या ढिगापाशी मला थूल सर दिसले. केस पार पांढरे. भावानंही पाहिले. माझा दंड धरून म्हणाला, "त्याले इथून काढ."

मी गेले. सर म्हणाले, "मी काही सांगत नाई कोनाले. नाव ऐकतो अन् जातो."

"ठेवसान कोठी, सर? मशीन तं गेलं."

ते पुन्हा मांडवाकडे वळले.

नवऱ्या मुलानं अंगठीनं तांदळात नाव लिहिलं. आराध्या. टाळ्या वाजल्या. चारूनं मान वर केली, तिला मांडवाच्या तोंडाशी सर दिसले. लहानपणी त्यांच्या खुर्चीवर गोल गोल फिरायची ती. काय वाटलं कोण जाणे, सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाली, "काका, आराध्या. सल्फा चालत नाई."

टाळ्या थांबल्या. तिच्या सासूनं माझ्या भावाकडे पाहिलं. भाऊ खाली पाहत होता.

नवरा मुलगा गोंधळला. "सल्फर?" त्यानं विचारलं.

"सल्फा," थूल सर चपलांपाशी उभ्यानंच म्हणाले. "पुन्हा म्हना."

"सल्फा."

"नर्सनं विचारो का नाई विचारो, तुमी सांगसान?"

"सांगीन," मुलगा म्हणाला. आणि मग बायकोकडे वळून, हळू, पुन्हा एकदा म्हणाला, "सल्फा."

सासूनं ताट उचललं आणि भटजींना पुढचं करा म्हणाली. मी वळून पाहिलं तर सर नव्हते. त्यांना जेवायला आणायला मी रस्त्यापर्यंत गेले. ट्रकांची रांग चालली होती, ते पलीकडे जायला थांबले होते. मी हाक मारली, ती त्यांना ऐकू आली नाही. त्यांचे ओठ हलत होते. चारू, आराध्या, सल्फा. चारू, आराध्या, सल्फा. मग रस्ता मोकळा झाला आणि पुटपुटत पुटपुटतच ते पलीकडे गेले.